टायसन अठ्ठावन्नाव्या वर्षी लढला, मग बाबांनी का नको?

पत्र (थोडं कापून देतोय):

"नमस्कार काका. बाबा ५६ वर्षांचे आहेत. फौजेत होते, सर्व्हिसेसकडून बॉक्सिंग खेळलेत, रिटायर झाल्यावर इथे पिंपरीत मैदानावर रोज सकाळी पोरांना फुकट शिकवतात. तीन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली, स्टेंट आहे, रक्त पातळ व्हायच्या गोळ्या चालू आहेत. गेलं वर्ष-दीड वर्ष तेच तेच दोनदा विचारतात, शर्टाची बटणं लावायला वेळ लागतो, संध्याकाळी थकले की बोलणं जरा जड येतं. आता पुढच्या महिन्यात इथल्या एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाला बॉक्सिंगचा कार्यक्रम आहे, त्यात 'लेजंड्स फाइट' म्हणून बाबांची तीन राउंडची मॅच एका तिशीतल्या जिमवाल्या रीलस्टारशी लावलीय. पन्नास हजार देणार आहेत, त्यातून बाबांना पोरांसाठी नवीन बॅगा आणि ग्लोव्ह्ज घ्यायचेत. चौकात फ्लेक्सपण लागला. मी नको म्हटलं की म्हणतात, टायसन अठ्ठावन्नचा असताना लढला, तो काय वेडा होता? आई म्हणते अडवलंस तर ते आतून खचतील. मला अडवायचा हक्क आहे का? आणि मुळात अशा माणसांना लढू द्यावं का?"

अगं, आधी सरळ उत्तर देतो म्हणजे तुझा जीव टांगणीला राहायला नको. ही मॅच होता कामा नये. बाकी सगळं, विसरणं, बटणं, जड जीभ, हे सगळं क्षणभर बाजूला ठेवलं तरी नुसत्या त्या रक्त पातळ करायच्या गोळ्या पुरेशा आहेत. वय वाढतं तसा मेंदू थोडा थोडा आक्रसतो, कवटी आहे तेवढीच राहते, त्यामुळे मेंदू आणि त्याच्यावरचं आवरण यांच्यामधल्या ज्या बारीक शिरा असतात त्या ताणल्या जातात, आणि डोक्याला झटका बसला की त्यातली एखादी फाटू शकते. तरण्या पोराचं रक्त तरी पटकन गोठायला बघतं. तुझ्या बाबांचं रक्त लवकर गोठू नये म्हणून तर डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात. असा रक्तस्राव कधी कधी हळूहळू होतो, माणूस मॅच संपवून घरी येतो, जेवतो, डोकं जरा दुखतंय म्हणून झोपतो, आणि सकाळी उठत नाही. मी घाबरवायला लिहीत नाहीये, कुठल्याही न्यूरोवाल्याला विचार.

आणि एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो कारण मी रिंगभोवतीची माणसं ओळखतो. कुणीतरी त्यांना म्हणेल, काही नाही हो, आठ दिवस गोळ्या बंद ठेवा की झालं. स्टेंटवाल्या माणसाने मनाने गोळ्या बंद करायच्या नसतात, स्टेंटमध्ये गुठळी झाली तर हार्ट अटॅक. म्हणजे गोळ्या घेऊन रिंगमध्ये गेले तर डोक्याची भीती आणि बंद करून गेले तर छातीची. हे वाक्य हवं तर बाबांना तसंच्या तसं वाचून दाखव.

आता टायसनकडे येऊ, कारण बाबांचा सगळा भर त्याच्यावर आहे, आणि खरं सांगायचं तर ती मॅच बघून अर्ध्या जगातल्या जुन्या बॉक्सरांच्या मनात हेच आलं असणार. १५ नोव्हेंबर २०२४, टेक्सासमधलं आर्लिंग्टन, टायसन ५८ वर्षांचा आणि समोर यूट्यूबवरून बॉक्सिंगमध्ये आलेला जेक पॉल २७ वर्षांचा. त्याच कार्यक्रमात आपला हरियाणाचा नीरज गोयतपण लढला आणि जिंकला, पण त्याच्याबद्दल कोण बोलतंय. बाबांनी टायसनची मॅच नीट बघितलीय का, म्हणजे पूर्ण, की नुसता पहिल्या राउंडचा तुकडा मोबाइलवर? कारण पहिले दोन राउंड सोडले तर त्या माणसाचे पाय हलत नव्हते. आठ राउंडमध्ये त्याने ९७ ठोसे मारले, त्यातले १८ लागले. अठरा! ज्याने एके काळी दीड मिनिटात मायकेल स्पिंक्सला झोपवलं तो हा माणूस. आणि हे सगळं कशा नियमात, तर तीन मिनिटांचे राउंड दोन मिनिटांवर आणलेले, ग्लोव्ह्ज नेहमीच्या १० ऐवजी १४ औंसांचे, आणि पॉलने नंतर स्वतःच सांगितलं की मी शेवटी शेवटी हात आखडता घेतला, त्यांना इजा करायची नव्हती. त्या पोराने दया दाखवली म्हणून टायसन आपल्या पायांनी घरी गेला असं माझं स्पष्ट मत आहे. तुमच्या त्या रीलस्टारला तशी बुद्धी होईल याची हमी कोण देणार? त्याला तर तुझे बाबा खाली पडलेला व्हिडिओच हवा असणार.

त्यातही मुख्य गोष्ट पुढेच आहे. ती मॅच आधी जुलैत व्हायची होती. मे महिन्यात विमानात टायसनला अल्सरचा त्रास झाला आणि ती पुढे ढकलली. मॅच झाल्यावर टायसनने स्वतः लिहिलं की जूनमध्ये मी जवळजवळ मेलोच होतो, आठ वेळा रक्त चढवलं, अंगातलं निम्मं रक्त गेलं, हॉस्पिटलमध्ये २५ पौंड वजन उतरलं. आणि अशा माणसाला पाच महिन्यांत टेक्सासने प्रोफेशनल फाइटमध्ये उतरू दिलं, प्रदर्शनी नाही, रेकॉर्डवर मोजली जाणारी खरी फाइट. का दिलं? नियमाप्रमाणे तपासण्या पास झाल्या म्हणून, असं ते सांगतात. झाल्याही असतील. पण स्टेडियम भरणार होतं, नेटफ्लिक्सवर जग बघणार होतं, पैसा किती होता ते विचारूच नको. अशा वेळी नाही म्हणणारा अधिकारी मला एकदा बघायचाय.

माझं या विषयातलं म्हणणं एवढंच आहे, आणि ते तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही आहे. म्हातारा बॉक्सर लढू शकतो का हा प्रश्न वयाचा कमी आणि 'नाही कोण म्हणणार' याचा जास्त आहे. बॉक्सर स्वतः म्हणणार नाही. प्रमोटर म्हणणार नाही, त्याचं पोट त्यावर. कॉर्नरमधली माणसं, म्हणजे ट्रेनर वगैरे, सहसा म्हणत नाहीत, त्यांचीही रोजीरोटी तीच. पब्लिक तर म्हणणारच नाही. म्हणून ज्याला त्या मॅचमधून एक रुपया मिळत नाही आणि टाळ्याही मिळत नाहीत असा कुणीतरी लागतो, त्याच्या हातात खरोखरची सत्ता लागते, आणि त्याने नाही म्हटलं की ते सगळीकडे नाही असावं लागतं.

हे सगळं न झाल्याने काय होतं ते मुहम्मद अलीच्या बाबतीत जगाने बघितलंय. तुझ्या बाबांना हे आवडेल कारण फौजेतला बॉक्सर म्हणजे कौर सिंगचं नाव त्यांना माहीत असणारच. १९८० च्या जानेवारीत अली दिल्लीत आला होता तेव्हा आपल्या फौजेतल्या कौर सिंगशी चार राउंडचा प्रदर्शनी सामना खेळला. हसत-खेळत झालं सगळं, तो अली तेव्हा रिटायर झालेला होता, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तो परत खऱ्या रिंगमध्ये उतरला, लास वेगासला, लॅरी होम्ससमोर. वय किती? ३८ फक्त. टायसनपेक्षा वीस वर्षांनी लहान.

पण त्याच्या आधीची गोष्ट ऐक. १९७७ मध्ये अर्नी शेव्हर्सशी पंधरा राउंड झाल्यावर अलीचे डॉक्टर फर्डी पाचेको यांच्या हातात लॅबचा रिपोर्ट आला, किडनीला मार बसल्याचं त्यात दिसत होतं. त्यांनी त्याच्या प्रती काढून अलीला, त्याच्या बायकोला, मॅनेजरला, ट्रेनर डंडीला पाठवल्या, की आता बस करा. एकाचंही उत्तर आलं नाही. पाचेको सोडून गेले. इतकी वर्षं कॉर्नरमध्ये असलेला डॉक्टर सोडून जातो आणि बाकी गाडी तशीच पुढे चालू राहते, याच्यापेक्षा मोठा इशारा काय असतो?

मग १९८० मध्ये होम्सच्या फाइटआधी नेवाडाच्या (लास वेगास त्याच राज्यात) लायसन्स देणाऱ्या लोकांनी अलीला मेयो क्लिनिकमध्ये तपासायला लावलं. मेयो म्हणजे साधंसुधं हॉस्पिटल नाही. त्या रिपोर्टमध्ये लिहिलेलं होतं की बोट नाकाला लावायच्या चाचणीत नेम किंचित चुकतो, एका पायावर उड्या मारताना अपेक्षेइतकी चपळाई नाही, बोलण्यात थोडी अडचण, थकल्यावर जास्त जाणवणारी. आणि खाली निष्कर्ष काय, तर लढायला मनाई करावी असं काही आढळलं नाही. लायसन्स मिळालं. तू पत्रात काय लिहिलंयस ते परत वाच, बटणं लागत नाहीत, संध्याकाळी जीभ जड. मला वाचताना तोच रिपोर्ट आठवला म्हणून इतकं लांबण लावतोय.

वर वजन उतरवायला त्याला थायरॉइडच्या गोळ्या दिल्या गेल्या. आरशात तो पुन्हा विशीतला दिसायला लागला, पोट सपाट, केस काळे केलेले, सगळे म्हणाले वा, अली परत आला! आतून माणूस वाळून गेलेला होता. दहा राउंड झाले, एकही राउंड त्याला मिळाला नाही. होम्स पूर्वी त्याचाच स्पारिंग पार्टनर, म्हणजे सरावात समोर लढणारा जोडीदार, त्याला मारवेना, रेफ्रीकडे बघत होता की थांबव ना बाबा. शेवटी दहाव्या राउंडनंतर डंडीने मॅच थांबवली. होम्स जिंकून रडला.

इतकं झाल्यावर तरी थांबावं? नाही. अमेरिकेत लायसन्स मिळणं अवघड झालं तर फाइट बहामाजला नेली, डिसेंबर १९८१, ट्रेव्हर बर्बिकशी. तिथे धड घंटासुद्धा नव्हती, गायीच्या गळ्यातली घंटा वाजवून राउंड चालवले. अली हरला. १९८४ मध्ये पार्किन्सनच्या लक्षणांचं निदान जाहीर झालं. आता त्याचा आजार बॉक्सिंगमुळेच झाला का, यावर डॉक्टरांमध्ये वाद आहेत आणि मी त्यात पडत नाही. पण लक्षणं दिसायला लागल्यावर त्याला आणखी मार खाऊ दिला हे तर कुणीच नाकारत नाही.

बाबा आता म्हणतील फोरमनचं काय? बरोबर आहे, आणि हा मुद्दा मी टाळणार नाही, कारण नुसतं वय बघून बंदी घालणाऱ्यांपैकी मी नाही. जॉर्ज फोरमन ५ नोव्हेंबर १९९४ ला ४५ वर्षांचा असताना मायकेल मूररला दहाव्या राउंडला झोपवून परत हेवीवेट चॅम्पियन झाला. त्याच्याही वेळी वयावरून ती मॅच अडवायला बघितली होती तर तो कोर्टात गेला आणि जिंकून आला. मॅनी पॅकियावला वय ४० च्या वर म्हणून पॅरिस ऑलिम्पिकसाठी नकार मिळाला आणि त्याच माणसाने जुलै २०२५ मध्ये ४६ व्या वर्षी वर्ल्ड टायटलची मॅच बरोबरीत सोडवली. आपल्या मेरी कोमलाही ऑलिम्पिक पद्धतीच्या बॉक्सिंगमधल्या त्याच ४० च्या अटीने थांबवलं. म्हणजे ३८ चा अली मोडलेला आणि ४५ चा फोरमन चॅम्पियन. फरक कुठे? फोरमन मध्ये दहा वर्षं रिंगबाहेर होता, मार खात नव्हता. अलीने सत्तरच्या दशकात फ्रेझर, नॉर्टन, शेव्हर्स यांचे शेकडो ठोसे खाल्ले, आणि जिममध्ये स्पारिंग पार्टनरांना म्हणायचा मार मला, सवय झाली पाहिजे. जन्मतारीख बघून काही कळत नाही, डोक्यावर किती मार जमा झालाय आणि तो दिसायला लागलाय का, हे बघायचं असतं. ज्याच्यात दिसायला लागला त्याच्यासाठी दार बंद, मग तो २८ चा असो नाहीतर ५८ चा.

आणि तुझ्या बाबांमध्ये, मला लिहायला वाईट वाटतंय, पण काहीतरी दिसायला लागलंय. ते बॉक्सिंगचंच असेल असं मी म्हणत नाही, शुगर असेल, बी-१२ असेल, स्टेंटवाल्या माणसाला मेंदूकडे जाणाऱ्या रक्ताचा प्रश्न असू शकतो, नुसतं डिप्रेशनही असू शकतं. म्हणून मॅच होवो न होवो, न्यूरोलॉजिस्टला दाखवायचंच. १९२८ मध्ये हॅरिसन मार्टलँड नावाच्या अमेरिकन डॉक्टरने पहिल्यांदा डोक्यावर वर्षानुवर्षं मार बसून बॉक्सरांच्या मेंदूची जी अवस्था होते तिच्यावर लिहिलं, तेव्हापासून जवळजवळ शंभर वर्षं झाली तरी जिवंत माणसात हा विशिष्ट आजार शंभर टक्के पकडणारी तपासणी नाही, पक्कं निदान मृत्यूनंतर मेंदू तपासूनच होतं. एमआरआय क्लीन आला म्हणजे सगळं आलबेल असंही नाही. हे ध्यानात ठेव कारण आयोजक म्हणतील आम्ही मेडिकल करून घेतो की. त्यांचं मेडिकल मला पाठ आहे. टेबलामागे एक डॉक्टर, समोर लाइन, हाताला पट्टा गुंडाळून बीपी, छातीला स्टेथो, जीभ दाखवा, काही त्रास? नाही सर. फिट. पुढचा. बॉक्सर जन्मात कधी 'हो सर, त्रास आहे' म्हणालाय का? त्याला लहानपणापासून शिकवलेलंच असतं की लागलं तरी दाखवायचं नाही!

म्हणूनच 'त्यांचं शरीर, त्यांची मर्जी' हे वाक्य इथे मला पूर्ण पटत नाही. एरवी मी त्याच पार्टीतला. सिगारेट, डोंगर चढणं, दारू, मोठ्या माणसाने स्वतःचं बघावं. पण इथे ज्या मेंदूने ठरवायचंय की मी अजून ठीक आहे की नाही, शंका त्या मेंदूबद्दलच आहे. म्हातारा बॉक्सर खोटं बोलत नसतो गं, त्याला आतून खरंच वाटतं की सगळं जमतंय. ठोसा येताना त्याला दिसतो, काय करायचं तेही माहीत असतं, पण मान हलेपर्यंत तो बसलेला असतो, आणि त्याला वाटतं आज जरा झोप कमी झाली म्हणून.

जेरी क्वारीचं नाव बाबांना विचार. साठ-सत्तरच्या दशकातला मोठा हेवीवेट, अलीशी दोनदा लढला, फ्रेझरशी दोनदा. १९८३ मध्ये एका मासिकाने करून घेतलेल्या तपासणीतच त्याच्या मेंदूला इजा झाल्याचं दिसलं होतं. तरी १९९२ मध्ये ४७ व्या वर्षी तो परत लढला. कुठे? कोलोरॅडोमध्ये, कारण तिथे तेव्हा बॉक्सिंग कमिशनच नव्हतं, विचारणारं कुणी नाही. सहा राउंड मार खाल्ला, हरला, मिळाले १०५० डॉलर. थोड्याच वर्षांत त्याला भावाने कपडे घालावे लागायचे, ताटातलं कापून द्यावं लागायचं. ३ जानेवारी १९९९ ला गेला, ५३ वर्षांचा होता. तुझ्या बाबांपेक्षा तीन वर्षांनी लहान.

एका राज्यात नाही म्हटलं की शेजारच्या राज्यात जायचं, हा प्रमोटरांचा जुनाच धंदा. १९९६ मध्ये अमेरिकेने कायदा केला की मेडिकल कारणाने एका राज्याने सस्पेंड केलं तर दुसऱ्याने लढू द्यायचं नाही. चांगला कायदा आहे, पण पळवाटा निघतातच. माजी हेवीवेट चॅम्पियन होलीफिल्डला न्यूयॉर्कने २००५ मध्येच थांबवलं होतं, पुढच्या वर्षी तो टेक्सासमध्ये लढत होता, आणि २०२१ च्या सप्टेंबरमध्ये ५८ व्या वर्षी, मूळचा बॉक्सर कोविडने बाद झाला म्हणून आयत्या वेळी त्याला घातला. कॅलिफोर्निया तयार नव्हतं तर अख्खा कार्यक्रम उचलून फ्लोरिडाला नेला. पहिल्याच राउंडमध्ये १ मिनिट ४९ सेकंदांत खेळ खलास. कॉमेंट्रीला कोण बसलं होतं, तर डोनाल्ड ट्रम्प. जाऊ दे.

आता तुमच्या वाढदिवसाच्या फाइटचं बघ. इथे तर कमिशन नाही, बोर्ड नाही, सस्पेन्शन नाही, उद्या काही झालं तर ते म्हणणार की हा नुसता शो होता. अमेरिकेत अपुरा पडणारा नियम तरी आहे, चौकातल्या मांडवात तोपण नाही. मग नाही म्हणणारं उरतं कोण? तू आणि तुझी आई. हक्क आहे का विचारतेस, मला वाटतं हक्कापेक्षा ही तुमच्या गळ्यात आलेली ड्यूटी आहे, कारण ज्यांनी ती करायची ते हार-तुरे घेऊन स्टेजवर उभे असणार.

पण आई म्हणते तेही खोटं नाही. फौजेतला माणूस, आयुष्यभर लोकांनी 'उस्ताद' म्हटलेला, त्याला पोरीने चारचौघात नाही म्हटलं तर लागणारच. म्हणून घरात भांडून नको. टायसन-पॉलची मॅच पूर्ण लाव, शेजारी बस, काही बोलू नकोस, चौथ्या-पाचव्या राउंडला ते स्वतःच काहीतरी बोलतील, तीस-पस्तीस वर्षं रिंग बघितलेला माणूस आहे, पाय बघून त्याला कळतं. मग विचार, तुमच्या क्लासमधला एखादा पोरगा डोक्यात मार बसल्यानंतर असं तेच तेच दोनदा विचारायला लागला असता आणि वर रक्त पातळ करायच्या गोळ्या खात असता, तर तुम्ही त्याला रिंगमध्ये सोडलं असतं का? चांगला कोच या प्रश्नाला खोटं उत्तर देऊच शकत नाही. आणि शेवटचा नकार तुझ्या तोंडून यायला नको, कार्डिओलॉजिस्टच्या तोंडून येऊ दे, लेटरहेडवर लिहून घे की स्टेंट आणि चालू औषधं बघता डोक्याला मार बसेल असा खेळ वर्ज्य. फौजी माणसाला मुलीचं ऐकणं जड जातं, एमओचं, म्हणजे फौजेतल्या डॉक्टरचं, ऐकायची मात्र सवय असते. आयोजकांकडेही तो कागद जाऊ दे, पोच घे त्यावर. मी पैजेवर सांगतो, लेखी कागद हातात पडला की त्यांचा उत्साह अर्ध्यावर येतो, जबाबदारी कुणालाच नको असते.

आणि फ्लेक्सवरचा फोटो तसाच राहू दे की. लेजंड्स फाइटच्या जागी तीन राउंड पॅड ठेवा, पॅड बाबांच्या हातात आणि मारणारी त्यांची पोरं. डोक्याला काही नाही, दमायला लागलं तर थांबायचं, आणि खरं सांगू का, चांगला उस्ताद पॅड कसा धरतो ते बघण्यात त्या रीलस्टारच्या मारामारीपेक्षा दसपट मजा आहे. अर्थात हेही हार्टच्या डॉक्टरांना विचारून, ढोलताशात आणि दुपारच्या उन्हात नको. रीलस्टारला हवं तर तोही पॅडवर येऊन चार ठोसे मारून जाऊ दे, त्याचं रील होईल.

पन्नास हजारांचं म्हणशील तर हा सगळ्यात सोपा भाग आहे. इतकी वर्षं फुकट शिकवलंय त्यांनी, त्यातली किती पोरं आज फौजेत, पोलिसात, रेल्वेत लागली असतील. एक व्हॉट्सॲप ग्रुप कर, बॅगांचे आणि ग्लोव्ह्जचे दर टाक, बाबांना न सांगता. मला नाही वाटत आठवडाभर लागेल.

एक राहिलंच. न्यूरोकडे जाताना बाबांच्या नकळत गेल्या वर्षभरातल्या गोष्टी तारखेसकट लिहून ने, कधी रस्ता चुकले, कधी चिडले, कधी बटणं लागली नाहीत, कारण डॉक्टरसमोर ते एकदम ताठ बसून सगळं ठणठणीत सांगणार आहेत. आणि स्पारिंग आजपासून बंद, मॅचचं काय ठरतंय त्याची वाट न बघता. मॅच तीन राउंडची, पण तिच्या तयारीसाठी ते आत्ता रोज सकाळी तरण्या पोरांसमोर डोकं देत असणार, खरा मार तिथे बसतोय आणि त्याला तर रेफ्रीपण नाही. उद्या सकाळी तूच मैदानावर जा आणि बघ.